जपूनरावांची हलती खुर्ची

लिफ्टचं काम संपलं की जपूनराव खिशातून एक नाणं काढायचे, लिफ्टच्या फरशीवर कडेवर उभं करायचे आणि सगळ्यात वरच्या मजल्याचं बटण दाबायचे. लिफ्ट वर जाऊन थांबेपर्यंत नाणं उभं राहिलं तर काम पास. आडवं झालं तर पुन्हा हत्यारं बाहेर. मग इमारतीतली माणसं पिशव्या घेऊन जिना चढताना कितीही डोळे वटारोत, जपूनराव ढिम्म. "आपण हललो हे माणसाला कळताच कामा नये," असं ते हाताखालच्या लोकांना सांगायचे, आणि ते इतक्यांदा सांगायचे की लोक त्यांच्या पाठीमागे तेच वाक्य त्यांच्याच आवाजात म्हणून हसायचे.

हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. जिना उतरणाऱ्याला जपून, गरम चहा घेणाऱ्याला जपून, खुर्चीत टेकणाऱ्यालाही जपून, असं दिवसभर चालायचं म्हणून कामावरच्यांनी हे नाव ठेवलं आणि ते घरापर्यंत पोचलं. बायकोने मात्र एक पण केला होता. तो शब्द ती चुकूनही तोंडातून काढत नसे. "एका घरात एक जपून पुरे," असं ती म्हणायची.

खरं सांगायचं तर माणूस भित्रा होता. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण ते स्वतः लाजायचे. रस्ता ओलांडताना त्यांची छाती धडधडायची. कुणाच्या गाडीत बसले तर उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत राहायचा. घरी कुणाला यायला उशीर झाला की ते खिडकीशी उभे राहून मनातल्या मनात दवाखाने फिरून यायचे. लिफ्टच्या धंद्यात मात्र हे खपून जायचं. खपून काय, शोभून दिसायचं. शाफ्टच्या खोल खड्ड्यात उतरण्याआधी ते मेन स्विच स्वतः बंद करायचे, वरच्या माणसाला ओरडून विचारायचे, उत्तर आलं की पुन्हा एकदा विचारायचे. त्यांनी हात लावलेल्या लिफ्टमध्ये आजवर कुणाचं बोटही चेंगरलं नव्हतं.

अशा माणसाच्या पोटी भिंगरी जन्माला आली.

घरातलं हे नाव तिला रांगायला लागल्यापासून चिकटलेलं. एका जागी बसेल तर शपथ. आता कॉलेज संपवून एका दुकानात हिशेबाचं काम करत होती आणि पहिल्या पगारातून तिने काय घेतलं असेल, तर कॉम्प्युटरला जोडायचं स्टिअरिंग. ते जेवणाच्या टेबलाला शिकंज्याने आवळून ती संध्याकाळभर पडद्यावरच्या गाड्या पळवायची. वळण आलं की टेबल थरथरायचं आणि मिठाची बरणी कडेला सरकत यायची. जपूनराव बरणी उचलून फळीवर ठेवायचे. इथपर्यंत ठीक होतं.

पण एक दिवस जेवताना ती म्हणाली, "बाबा, मला खऱ्या ट्रॅकवर चालवायचंय."

जपूनराव पाणी प्यायले. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "का गं? इथे काय कमी आहे?"

"इथे गाडी हलत नाही ना," ती म्हणाली.

तिथेच त्यांना युक्ती सुचली. गाडी हलत नाही एवढंच दुखणं असेल, तर घरातली गाडी हलवू. पोर घरातच राहील, भिंतीवर आपटायचं झालं तर पडद्यातल्या भिंतीवर आपटेल. मूल रडलं की खुळखुळा देतात, त्यातलाच प्रकार, फक्त खुळखुळा जरा मोठा. ही युक्ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. बायकोला एवढंच म्हणाले, "पोरीसाठी एक खुर्ची करतोय."

बायको घरी शाळांचे गणवेश शिवायची. मागच्या खोलीत तिचं शिलाईमशीन, कापडाचे गठ्ठे आणि कापायचं टेबल. "अर्धी खोली घ्या," ती म्हणाली. "खिडकी माझी. आणि माझ्या कापडाला ग्रीस लागलं तर खुर्चीसकट तुम्ही बाहेर."

मग काम सुरू झालं. भंगाराच्या दुकानातून एका मोडक्या गाडीची सीट आली. लोखंडी अँगल कापून, जोडून त्यांनी चौकट उभी केली. सीटच्या पोटाखाली गाडीच्या शाफ्टचा क्रॉस जॉइंट बसवला, म्हणजे सीट पुढेमागे, डावीउजवीकडे कशीही कलेल. कलवायला जुन्या लिफ्टच्या दारांच्या मोटारी. मागे दोन चाकं आणि आणखी एक मोटार, म्हणजे सगळी चौकट शेपटीकडून बाजूला सरकेल. पडद्यावरची गाडी काय करते आहे ते कॉम्प्युटर क्षणाक्षणाला एका छोट्या बोर्डाला सांगायचा आणि बोर्ड मोटारींना. कॉम्प्युटरचा भाग भिंगरीने सांभाळला. बापलेक जमिनीवर पालथे पडून तारा जोडत बसायचे आणि ते दिवस जपूनरावांच्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते. मुलगी घरात होती आणि हाताशी होती.

थांबवायची लाल बटणं त्यांनी इतकी लावली की विचारू नका. एक स्टिअरिंगशेजारी, एक पायाशी, एक दाराजवळ. दाराजवळच्या बटणाचा उपयोग बायकोने शोधला. जेवायला हाका मारून मारून घसा बसण्यापेक्षा ती ते बटण दाबायची. मशीन जागच्या जागी थिजायचं आणि भिंगरी ओरडायची, "आई! शेवटची फेरी होती!"

"अन्नही शेवटचंच आहे. ये."

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मशीनच्या चालीवर. पहिल्या दिवशी सीटने असा काही झटका मारला की जपूनरावांच्या काळजात धस्स झालं. त्यात ते स्वतः बसलेही नव्हते, भिंगरी बसली होती. बसायचं धाडस त्यांना होईना. पण हात तर लिफ्टवाल्याचे. हळूच उचल, हळूच ठेव, हे त्यांच्या रक्तात. कॉम्प्युटरवर चाल मऊ करायची एक पट्टी होती, ती त्यांनी सरकवत सरकवत टोकाला नेली. चौकटीखाली रबराचे जाड तुकडे घातले. पडद्यातल्या गाडीचा प्रत्येक झटका आता इस्त्री करून सीटपर्यंत येऊ लागला. शेवटी त्यांनी सीटच्या हातावर नाणं उभं केलं, भिंगरीला एक फेरी चालवायला लावली, आणि नाणं डोललं पण पडलं नाही. जपूनरावांनी ते उचलून समाधानाने खिशात टाकलं.

"बाबा, धक्का जरा कमीच नाही वाटत?"

"चांगली गाडी धक्का देत नाही," ते म्हणाले.

खुळखुळ्याने मूल शांत व्हायचं ते बाजूलाच राहिलं. भिंगरी त्या खुर्चीत बसून रोज जास्त वेगाने जाऊ लागली. घाबरवणारं काहीच नव्हतं, तर ती कशाला हळू जाईल? एका रेसिंग शाळेने घरबसल्या खेळायची, कॉम्प्युटरवरची शर्यत ठेवली होती. पहिल्या काही जणांना खऱ्या गाडीत बसवणार, आधी सरावाचा दिवस, मग आठवड्याने निवडीचा. भिंगरीने बापाला न सांगता भाग घेतला आणि बोलावणं आल्यावर सांगितलं. जपूनरावांच्या तोंडचं पाणी पळालं. आपणच शिडी लावून दिली आणि पोर भिंतीपलीकडे उडी मारायला निघाली, हे त्यांना तेव्हा उमगलं. बायकोला त्यांनी आपल्या युक्तीची सगळी हकीकत सांगितली. ती पोट धरून हसली, आणि मग हसता हसता तिचाही चेहरा उतरला.

सरावाच्या दिवशी ते बरोबर गेले. न जाता घरी खिडकीशी उभं राहणं त्याहून वाईट. ट्रॅकच्या कडेला तारेचं कुंपण, त्याआड टायरांची रांग, आणि लांबच्या वळणाबाहेर थोडं गवत, गवतापलीकडे सिमेंटची भिंत. त्या भिंतीवरून त्यांची नजर हलेना. गाडी आली की ते डोळे मिटायचे, आवाज पुढे गेला की उघडायचे. एकदा आवाज पुढे गेलाच नाही. डोळे उघडले तर भिंगरीची गाडी गरकन फिरून गवतात उलट तोंड करून उभी होती. ती पुन्हा निघाली. पुढच्या फेरीला त्याच जागी तेच झालं. त्याच्या पुढच्या फेरीलाही. दर खेपेला भिंगरी काचेतून हात हलवत हसत होती, आणि त्या हसण्याने जपूनरावांच्या अंगावर काटा आला. एवढं झाल्यावर माणसाला हसू येतं कसं?

शिकवणाऱ्या बाई त्यांच्याजवळ आल्या. केस पिकलेले, बारीक कापलेले, हातात मोजे. एके काळी त्या स्वतः शर्यतीत गाड्या चालवायच्या.

"तुमच्या मुलीचे हात झकास आहेत," त्या म्हणाल्या. "पण गाडी मागून निसटायला लागली हे तिला कळतच नाही. डोळ्यांना दिसतं तेव्हा कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. हे आधी बुडाला कळावं लागतं. कुठल्या मशीनवर शिकली आहे ती?"

गाडी निसटते तो झटका जपूनरावांनी स्वतःच्या हाताने, पट्टी सरकवून, रबर घालून, पोरीच्या अंगाला लागू दिला नव्हता. नाणं पडू नये म्हणून. पोर किती तरी संध्याकाळी त्या खुर्चीत बसून एकच गोष्ट शिकली होती, की वेगात भिण्यासारखं काही नसतं.

"आज मी वेग बांधून दिलाय," बाई सांगत होत्या. "या वेगात गाडी गवतात थांबते. निवडीच्या दिवशी वेग मोकळा असतो, तेव्हा गवत पुरत नाही." त्यांनी भिंतीकडे बोट केलं नाही, पण जपूनराव तिकडेच बघत होते. "तुम्ही नको म्हणालात तर मी तिला बसवणार नाही. सांगा."

नको. एवढा एक शब्द. तो जिभेवर येऊन बसला होता. पलीकडे भिंगरी हेल्मेट काखेत धरून दुसऱ्या एका मुलीला हातवारे करून काहीतरी सांगत होती, तोंडभर हसत. नको म्हटलं तर ती आज ना उद्या दुसरीकडे जाईल, दुसऱ्या ट्रॅकवर, हीच खोटी शिकवण अंगात घेऊन. आणि काम तर त्यांचंच नापास झालेलं. नापास काम टाकून ते आजवर घरी गेले नव्हते.

"मला एकदा तुमच्या शेजारी बसवा," ते म्हणाले. आपण काय बोललो ते ऐकून तेच दचकले.

पट्टे आवळले गेले. श्वास घ्यायला जागा उरली नाही. जपूनरावांनी सवयीने समोर, बाजूला, पायाशी शोधलं. "थांबवायचं बटण कुठे आहे?"

"बटण नाही. सांगा, मी थांबवीन."

सांगणार कोण? गाडी सुटली आणि त्यांचा आवाज मागेच राहिला. बोटं सीटच्या कडेत रुतली, उजवा पाय नसलेला ब्रेक जीव खाऊन दाबत राहिला. भिंत समोर मोठी मोठी होत आली. आपण मरणार, आज, इथे, या अनोळखी बाईशेजारी, असं त्यांना अगदी स्पष्ट वाटलं. आणि तेवढ्यात ते झालं. आधी बुडाखालची सीट हलकी झाली. मग कंबर डावीकडे गेली आणि डोकं जागीच राहिलं, जसं उभ्या माणसाच्या पायाखालची चटई कुणी हळूच ओढावी. मग एक बारीकशी फट, श्वासाएवढी, आणि त्या फटीत बाईंचे हात वळून गेले होते. गाडी सरळ झाली.

बाईंनी वळून पाहिलं. जपूनरावांच्या दातांवर दात आपटत होते. "अजून... अजून एकदा," ते म्हणाले.

त्यांनी ते वळण पुन्हा पुन्हा घ्यायला लावलं. डोळे उघडे ठेवून, पोटातलं सगळं वर येत असताना, ते एकच पाठ करत होते. सीट हलकी, कंबर डावी, फट. सीट हलकी, कंबर डावी, फट. खाली उतरल्यावर ते टायरांच्या रांगेमागे गेले आणि ओकले.

त्या आठवड्यात कामावरून आले की ते थेट मागच्या खोलीत. रबराचे तुकडे उपसले. पट्टी मागे आणली. शेपटीकडच्या मोटारीची ओढ वाढवली. आणि दर खेपेला, आजवर कधी बसले नव्हते तिथे, स्वतः बसून पाहिलं. खोलीचं दार लावून घेऊन, घामाघूम होऊन. मापाला दुसरं काही नव्हतंच, त्यांच्या भ्यायलेल्या अंगाला जे आठवत होतं तेच. सीटच्या हातावर ठेवलेलं नाणं उडून शिलाईमशीनखाली गेलं.

"हे तुमचं," बायकोने ते शोधून दिलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. "बरं नाही का तुम्हाला?"

"बरा आहे," ते म्हणाले.

सुट्टीच्या दुपारी त्यांनी भिंगरीला बसवलं. तेच वळण. ती नेहमीच्या वेगात आत शिरली आणि खुर्चीने तिला मागून अशी काही फेकली की ती किंचाळली. स्टिअरिंग हातातून सुटलं, गुडघा चौकटीवर आपटला. तिने लाल बटणावर मूठ मारली. ते बटण पहिल्यांदाच ज्यासाठी लावलं होतं त्यासाठी दाबलं गेलं. खिडकीपाशी बायकोचं शिलाईमशीन थांबलं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबा, खरंच असं असतं?"

जपूनरावांनी तिच्या गुडघ्याकडे पाहिलं.

"असं असेल तर..." तिचा आवाज बारीक झाला. "तर मी नाही जाणार बाबा. मला नाही जमायचं हे."

हेच तर हवं होतं. पहिल्या दिवसापासून हेच. आता फक्त हो म्हणायचं. हो म्हटलं की भिंत नाही, गवत नाही, खिडकीशी उभं राहणं नाही, पोर आयुष्यभर घरात. बायको खिडकीपाशी सुई धरून बसली होती, तीही श्वास रोखून. जपूनरावांना ठाऊक होतं की काल संध्याकाळी चाल बरोबर जमली होती. अगदी ट्रॅकवरची. त्यानंतर पाणी प्यायला म्हणून उठून ते परत आले होते, आणि पट्टी आणखी थोडी सरकवली होती. कशासाठी, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं. पण मूठभर माणसांच्या जिवासाठी असो की एका पोरीसाठी, खोटं चालणारं मशीन त्यांनी आजवर कुणाच्या हवाली केलं नव्हतं. एकदा केलं होतं, तेही न कळत. जाणूनबुजून कसं करणार?

"नाही," ते म्हणाले. "एवढं नसतं. थोडं मी वाढवलंय."

"का?"

"तू जाऊ नयेस म्हणून."

ती चिडेल, ओरडेल, खोलीबाहेर निघून जाईल असं त्यांना वाटलं. ती गुडघा चोळत बसून राहिली. मग म्हणाली, "मग खरं लाव."

त्यांनी लावलं. काल चाल जमली होती त्या जागी पट्टी आणली. "सीट हलकी झाली की समज," ते तिच्या मागे उभं राहून सांगू लागले. "मग कंबर जाईल. मग जरा वेळ मिळतो, अगदी जरासा. हात तेवढ्यात वळायला हवेत." भिंगरी पडद्यातल्या गवतात गेली. पुन्हा गेली. संध्याकाळ झाली तरी ती जातच होती, हसत मात्र नव्हती. प्रत्येक फेरीला वळणाआधी तिचा खांदा किंचित आखडायचा. जपूनरावांना तो खांदा ओळखीचा वाटला. रस्ता ओलांडताना त्यांचा स्वतःचा असाच व्हायचा. शेवटी शेवटी हात आधी वळू लागले.

निवडीच्या दिवशी ते त्याच कुंपणाशी उभे होते. पाचावर धारण बसली होती. तार धरून बोटांना वळ पडले होते. यावेळी डोळे मिटायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं होतं, काम आपलं आहे तर तपासणीही आपणच करायची. गाडी आली. आवाज सरावाच्या दिवसापेक्षा कितीतरी मोठा होता. वळणात शिरली, आणि मागचं अंग हललं. त्यांनी ते पाहिलं, आणि पाहण्याआधी त्यांच्या कंबरेला कळलं. भिंत तिथेच होती, गाडीच्या कडेला. मग काचेआडचे दोन हात वळले, गाडीने मान झटकावी तशी शेपटी झटकली, आणि ती सरळ पुढे निघून गेली. पुढची फेरी. त्याच्या पुढची. दर फेरीला तो झटका आणि दर फेरीला ते हात. जपूनरावांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

भिंगरी उतरून आली तेव्हा हेल्मेट काढायला तिची बोटं चालेनात, त्यांनीच बक्कल सोडलं. घामाने केस कपाळाला चिकटलेले, ओठ पांढरे.

"बाबा," ती म्हणाली, "मी घाबरले रे. प्रत्येक फेरीला घाबरले."

जपूनरावांनी तिला घट्ट धरलं, सगळ्यांसमोर. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

मागून बाई आल्या. ती सगळ्यांत वेगवान नव्हती, त्या म्हणाल्या, पण तिला घेतलंय. पुढच्या महिन्यापासून यायचं. जपूनरावांनी पुन्हा त्या भिंतीकडे पाहिलं. ती आता कायमचीच त्यांच्या वाट्याला आली होती.

त्यांनी घरी फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला, म्हणजे बायको फोन हातात धरूनच बसली असणार.

"घाबरली गं आपली पोर!" ते ओरडले. "चांगली घाबरली होती!"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"या मग," बायको म्हणाली. "जपून या."